शून्य कॅलरीची तरतरी

पाण्यात कॅलरी किती असतात? एकही नाही. साखर नाही, चरबी नाही, प्रथिनं नाहीत. शरीराला पाणी जाळताच येत नाही, कारण पाणी ही मुळातच जळून झालेली वस्तू आहे. आपण खाल्लेल्या भाकरीचा प्राणवायूशी संयोग होतो तेव्हा शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. तरीही भर दुपारी शेतातून आलेला माणूस ओसरीवर टेकतो, तांब्याभर पाणी पितो, ‘जिवात जीव आला’ म्हणतो आणि थोड्या वेळाने पुन्हा कामाला उठतो. ज्यात इंधनाचा कणही नाही त्याने अंगात बळ कसं येतं?

हे समजून घ्यायचं तर पाणी थोडा वेळ बाजूला ठेवून आधी स्नायूकडे बघावं लागतं.

आपला स्नायू कमालीचा उधळ्या आहे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम वीस-पंचवीस टक्के तो हालचालीसाठी वापरतो, बाकी सगळ्याची उष्णता होते. तुम्ही जिना चढता, पोतं उचलता, सुटलेल्या एसटीमागे धावता, तेव्हा तुम्ही मुख्यतः तापत असता. पुढे सरकणं हा त्या सगळ्या खटाटोपातला लहानसा भाग.

किती तापता? तोंडी हिशेब करून बघू. साठ किलो वजनाचा माणूस तासाभरात दहा किलोमीटर धावला तर साधारण 600 किलोकॅलरी खर्च होतात. त्यातल्या पाऊण, म्हणजे 450, उष्णता होऊन अंगातच सुटतात. साठ किलोचं शरीर एक अंशाने तापवायला साधारण 50 किलोकॅलरी पुरतात. भागाकार करा. उत्तर येतं नऊ. ही सगळी उष्णता आतच कोंडून राहिली, तर तासाभरात शरीर 37 अंशांवरून थेट 46 अंशांवर जाईल! एकेचाळीस-बेचाळीसच्या आसपासच मेंदूचा तोल जायला लागतो. म्हणजे या हिशेबाने धावणारा माणूस सहाव्या किलोमीटरच्या आसपासच कोसळायला हवा.

आणि इथे तर मुंबईत हजारो माणसं बेचाळीस किलोमीटर धावतात, साताऱ्यात घाट चढून उतरतात आणि दुपारी घरी जाऊन जेवतात. त्यांच्या अंगातली ती नऊ-नऊ अंशांची आग जाते कुठे?

बरीचशी घामावाटे जाते. हे उत्तर शाळेपासून पाठ असल्यामुळे त्यातला अचंबा आपल्या हातून निसटतो, म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून बघा. घरातलं लिटरभर पाणी उकळीपर्यंत आणायला पंचाहत्तर-ऐंशी किलोकॅलरी लागतात. तेच लिटरभर पाणी कातडीवरून वाफ होऊन उडून जातं तेव्हा ते सुमारे 580 किलोकॅलरी सोबत नेतं. सात पटींहून जास्त! पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की एकेकाला सोडवून हवेत धाडायला एवढी प्रचंड ऊर्जा मोजावी लागते, आणि ती ऊर्जा ते आपल्या कातडीतून उचलतात. निसर्गात इतक्या सहज मिळणाऱ्या द्रवांमध्ये या कामात पाण्याचा हात धरणारा दुसरा द्रव नाही.

उन्हाळ्यात माठाला हात लावून बघा. बाहेरून ओलसर, गार. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, पृष्ठभागावर येऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. तुमच्या कातडीवर अशी वीस ते चाळीस लाख छिद्रं आहेत, आणि माठाला जे जमत नाही ते त्यांना जमतं. ती गरजेनुसार उघडतात, कमीजास्त झिरपतात, आणि सकाळच्या गारव्यात जवळपास मिटून घेतात.

माठ नागपुरात जितका गार होतो तितका मुंबईत होत नाही, हे दोन्हीकडे राहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. घामाचंही तेच. विदर्भाच्या कोरड्या झळांमध्ये घाम येतो आणि येताक्षणी उडतो. अंग कोरडं दिसतं, त्यामुळे आपण किती पाणी गमावलं याचा पत्ताच लागत नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम उडायला जागाच नसते, तो नुसता ओघळतो. आणि ओघळून जमिनीवर पडलेल्या थेंबाने तुमची जवळजवळ काहीच उष्णता नेलेली नसते. शरीराला मात्र वाटत राहतं की अजून ताप उतरला नाही, म्हणून ते आणखी घाम काढतं. मे महिन्यात लोकलच्या डब्यात नुसतं उभं राहूनही जी मरगळ येते, तिचं मूळ इथे आहे.

दीर्घकाळ धावण्यात हा घाम माणसाला कुठवर नेतो? वेल्समधल्या लॅनर्टिड वेल्स या गावात 1980 पासून माणूस विरुद्ध घोडा अशी शर्यत होते. अंतर साधारण पस्तीस किलोमीटर, रस्ता डोंगरातला. वर्षानुवर्षं घोडेच जिंकत आले, आणि 2004 साली ह्यू लॉब नावाचा धावपटू घोड्यांच्या आधी पोहोचला. त्यानंतरही माणसं जिंकली आहेत. सुसाट वेगात घोड्यापुढे आपण कुठेच नाही. पण अंतर लांबत गेलं आणि प्रश्न ‘कोण अंग तापू न देता जास्त वेळ चालू शकतो’ असा झाला, की उघड्या कातडीचा, लाखो घर्मग्रंथींचा दोन पायांचा प्राणी एकदम स्पर्धेत येतो.

आता खरा पेच. हे घामाचं पाणी येतं कुठून?

साठ किलोच्या माणसात साधारण पस्तीस लिटर पाणी असतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण त्यातलं दोन तृतीयांश पेशींच्या आत असतं, आणि उरलेल्यातलंही बरंचसं पेशींच्या मधल्या फटींमध्ये. रक्तातला पाणीदार भाग, म्हणजे रक्तद्रव, तो असतो फक्त तीनेक लिटर. घर्मग्रंथी पाणी उपसते ते या साठ्यातून. मागून पेशी आपलं पाणी रक्ताला देत राहतात, पण झळ आधी रक्ताला लागते.

आणि त्याच वेळी रक्ताला दोन ठिकाणांहून बोलावणं असतं. पायाचे स्नायू म्हणतात, प्राणवायू आणा. कातडी म्हणते, आतली उष्णता माझ्याकडे आणा, म्हणजे मला ती बाहेर टाकता येईल. स्वस्थ बसलेलं असताना हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. जोराच्या कष्टात वीस लिटर, कसलेल्या खेळाडूत तीसच्याही वर. पराकोटीच्या उकाड्यात एकटी कातडीच मिनिटाला सात-आठ लिटर मागू शकते. अंगात रक्त आहे साडेचार-पाच लिटर! तेच ते रक्त मिनिटाला कितीतरी वेळा फिरवून हृदय दोघांनाही पुरवत राहतं, हेच आधी केवढं अजब आहे. आणि या ओढाताणीच्या ऐन मध्यावर घाम त्या रक्तातून पाणी काढून घेत असतो.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या मॉन्टेन आणि कॉइल यांनी 1992 साली हे फार सुबकपणे दाखवलं. आठ कसलेले सायकलपटू, तापमान 33 अंश, दोन तास सायकल. एकदा काहीच प्यायला नाही, एकदा थोडं, एकदा मध्यम, एकदा भरपूर. दोन तासांनी मोजलं तर जितकं पाणी कमी तितके हृदयाचे ठोके जास्त, तितकं शरीराचं तापमान जास्त, आणि दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त तितकं कमी. सगळं अगदी पायरीपायरीने. गंमत म्हणजे घाम चारही वेळा सारखाच येत होता. शरीराने तिथे काटकसर केली नाही. काटकसर झाली ती कातडीकडे जाणाऱ्या रक्तात. उष्णता बाहेरपर्यंत पोहोचवणारी वाहतूकच आटली.

इथे ‘जिवात जीव’ कुठून येतो ते दिसायला लागतं. पाणी कमी झालं की हृदयात दर ठोक्याला भरणारं रक्त कमी होतं. तेवढंच काम करायला ते जास्त वेळा धडधडतं. साधारणपणे वजनाच्या एक टक्का पाणी गेलं की त्याच कष्टाला मिनिटाला तीन ते पाच ठोके वाढतात. काम तेच, चढ तोच, वेग तोच, पण हृदयाला मात्र आपण जास्त जोरात पळतोय असंच वाटतं. आपल्याला ते ‘आज दम लागतोय’, ‘पाय जड झालेत’ असं जाणवतं. टाकी रिकामी झालेली नसते. स्नायूंत साखर असते, अंगावर चरबी असते, ती जाळायला लागणारं रक्त मात्र एका वेळी दोन जागी पुरत नसतं. पाणी पोटातून रक्तात उतरलं की पुन्हा पुरायला लागतं.

काहीशे मीटर अंतरावर असलेली शेवटची रेषा माणसाला या अवस्थेत कशी दिसते, हे जगाने 5 ऑगस्ट 1984 रोजी पाहिलं. लॉस एंजेलिस ऑलिंपिक, महिलांची पहिलीवहिली ऑलिंपिक मॅरेथॉन. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये शिरली तेव्हा तिचं अंग एका बाजूला वाकलं होतं, एक हात लोंबत होता, पाऊल कुठे पडतंय याचं भान नव्हतं. पाण्याचा शेवटचा थांबा तिच्याकडून चुकला होता. डॉक्टर धावत तिच्या बाजूला गेले, तिने त्यांना हात लावू दिला नाही, कारण हात लागला असता तर ती बाद झाली असती. डॉक्टर तिच्यासोबत चालत राहिले आणि त्यांनी एकच गोष्ट पाहिली. तिला घाम येत होता. घाम येतोय म्हणजे शरीराची उष्णता बाहेर टाकणारी व्यवस्था अजून चालू आहे. त्यांनी तिला जाऊ दिलं. शेवटच्या चारशे मीटरना तिला 5 मिनिटं 44 सेकंद लागली. ती सदतिसावी आली, रेषा ओलांडून कोसळली, आणि दोनेक तासांत सावरलीसुद्धा.

बहुतेक वेळा हा खेळ इतका नाट्यमय नसतो. कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी तरुणींच्या शरीरातलं पाणी वजनाच्या 1.36 टक्के कमी होईल अशी व्यवस्था करून त्यांची परीक्षा घेतली. साठ किलोच्या बाईत हे होतं आठशे मिलिलिटर, म्हणजे बाजारहाट करून आल्यावर सहज कमी होईल इतकं. बुद्धीच्या कसोट्यांमध्ये फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो थकवा, डोकेदुखी, मनःस्थिती यांत, आणि तेच काम जास्त कठीण वाटण्यात. दुपारी चार वाजता येणारा तो कंटाळा प्रत्येक वेळी चहाच मागत नसतो, असं मला हे वाचल्यापासून वाटत आलं आहे.

पण इथे एक चोखंदळ शंका येते, आणि ती योग्यच आहे. तहान लागलेल्या माणसाला तहान लागल्याचं कळतं. मग तो हळू पळतो ते रक्त कमी झालं म्हणून, की घसा सुकल्यामुळे मनच खचतं म्हणून? संशोधकांनी यासाठी पाणी शिरेतून दिलं, म्हणजे कुणाला मिळालं नि कुणाला नाही हे खेळाडूंनाच कळू नये. अशा एका प्रयोगात वेगात फरकच दिसला नाही, आणि मोठी खळबळ झाली. मग 2017 साली आणखी एका चमूने नळीने थेट पोटात पाणी सोडून पाहिलं, आणि तिथे न कळताही कोरड्या पडलेल्या खेळाडूंची कामगिरी स्पष्टपणे घसरली. वाद अजून चालू आहे. मला यातली विलक्षण गोष्ट ही वाटते की दम मोजताना शास्त्रज्ञांना तहानेची भावनाही वेगळी काढून मोजावी लागते.

तहान! तिच्याकडे वळायलाच हवं, कारण तिच्याइतकं नाजूक मोजमाप शरीरात क्वचितच होत असेल.

मेंदूला आपल्या आसपास रक्तातली सटरफटर रसायनं आलेली चालत नाहीत, म्हणून रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये सगळीकडे कडेकोट बंदोबस्त असतो. पण काही चिमुकल्या जागी हा बंदोबस्त मुद्दाम ठेवलेलाच नाही. तिथल्या पेशी थेट रक्त चाखतात. घाम हा रक्तापेक्षा कमी खारट असतो, त्यामुळे घाम गेला की मागे राहिलेलं रक्त किंचित जास्त खारट होतं. त्या खारटपणाने या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं, त्या किंचित आकसतात आणि आकसल्याचा संदेश पाठवतात. एक-दोन टक्क्यांचा फरक पुरतो! घरात आमटीत मीठ दोन टक्क्यांनी वाढलं तर कुणाच्या जिभेला कळेल?

संदेश दोन दिशांना जातो. एक मनाकडे, की पाणी हवं. दुसरा किडनीकडे, की आहे ते सोडू नकोस. किडन्यांचं रोजचं काम ऐका. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव त्या गाळून काढतात, म्हणजे आपला तीन लिटर रक्तद्रव दिवसभरात साठ वेळा गाळला जातो, आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा त्या परत रक्तात घेतात.

परत घेतात कशा? पेशीचं आवरण तेलकट असतं, त्यातून पाणी भराभरा जाणं अवघड. पीटर एग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाला रक्तपेशींवर दुसरंच काही शोधताना एक अनोळखी प्रथिन सापडलं. ते काय करतं हे बघायला 1992 साली त्याच्या चमूने बेडकाच्या अंड्यांना ते प्रथिन बनवायला लावलं आणि अंडी पाण्यात ठेवली. बेडकाची अंडी एरवी तळ्याच्या पाण्यात आरामात राहतात. ही अंडी मात्र काही मिनिटांत टम्म फुगली आणि फुटली. ते प्रथिन म्हणजे पाण्याची वाट होती. इतकी अरुंद की त्यातून पाण्याचे रेणू एकामागे एक, एकेकटेच जातात, आणि तरीही एका वाटेतून सेकंदाला तीन अब्जांच्या आसपास! एग्रेला 2003 साली नोबेल मिळालं. मेंदूचा ‘पाणी राखा’ हा निरोप आला की किडनीतल्या पेशी अशा तयार वाटा आतून उचलून आपल्या भिंतीवर आणून बसवतात. निरोप थांबला की पुन्हा आत ओढतात. उन्हातून आल्यावर लघवी गडद पिवळी दिसते, तेव्हा हे घडून गेलेलं असतं.

तहान भागण्याची तऱ्हा तर याहून चकित करणारी. पाणी पोटातून आतड्यात, आतड्यातून रक्तात उतरून रक्ताचा खारटपणा खाली यायला दहा मिनिटं तरी जातात. मग ग्लास संपता संपताच तहान कशी शमते? कॅलिफोर्नियात झॅकरी नाइट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतल्या तहानेच्या पेशींवर प्रत्यक्ष नजर ठेवण्यात आली. उंदीर पाणी प्यायला लागताच मिनिटभरात त्या पेशी शांत झाल्या. रक्त अजून तितकंच खारट होतं. तोंड आणि घसा घोट मोजून मेंदूला आगाऊ सांगत होते की एवढं पाणी येतंय, आता थांबायला हरकत नाही. नुसता थंडपणा तोंडाला लागला तरी या पेशी काही अंशी निवायच्या. आणि फसवून खारं पाणी पाजलं तर? तहान आधी शांत होते, मग आतड्याकडून खरी बातमी येते आणि ती पुन्हा उसळते. घशाने केलेला अंदाज आतडं तपासून घेतं!

एवढी चोख व्यवस्था असताना माणसं कोरडी पडतातच कशी? हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यापुढे अगदी व्यवहारी रूपात आला. वाळवंटात लढायचं होतं. शिपायांना थोड्या पाण्यावर राहायची सवय लावता येईल, अशी पुष्कळ अधिकाऱ्यांची पक्की समजूत होती. रॉचेस्टर विद्यापीठाचे एडवर्ड अडॉल्फ आणि त्यांचे सहकारी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जाऊन शिपायांसोबत चालले, घाम मोजला, वजनं केली. 1947 साली त्यांचा ग्रंथ निघाला. निष्कर्ष ठाम होता. अशी सवय लागत नाही. पाणी राखून प्यायलं म्हणून घाम कमी येत नाही. तुमच्या बाटलीत राहिलेल्या पाण्याचा तुमच्या रक्ताला काडीचा उपयोग नसतो.

पण त्यांना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. पाणी हाताशी भरपूर असतानाही शिपाई गमावल्यापेक्षा कमीच पीत होते. तहान भागली म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. ही तूट भरून निघायची ती जेवणाच्या वेळी.

जेवणात असं काय होतं? मीठ. घामात पाण्यासोबत मीठही जातं. नंतर नुसतं पाणी प्यायलं की रक्ताचा खारटपणा लवकर जागेवर येतो, मेंदूतल्या त्या पेशी समाधान पावतात आणि तहान थांबते. रक्ताचा एकूण साठा मात्र अजून कमीच असतो. जेवणातलं मीठ आत गेलं की पुन्हा तहान लागते, आणि प्यायलेलं पाणी रक्तात टिकून राहतं. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला मीठ-जिऱ्याचं ताक, चिमूटभर मीठ घातलेलं लिंबाचं सरबत, पन्हं, आमसुलाचं सरबत, नाचणीची आंबील दिली जाते. या प्रत्येकात मीठ आहे, आणि त्यातल्या बऱ्याच पदार्थांत साखर किंवा गूळ आहे.

साखरेचं काम इथे शक्ती देण्याच्या पलीकडचं आहे. रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने 1960 साली प्रागमधल्या परिषदेत एक कल्पना मांडली: आतड्याच्या पेशीत साखर शिरते ती सोडियमचा हात धरूनच. ती खरी निघाली. ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्र आले की आतड्यातलं एक खास प्रथिन त्यांना आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत खेचलं जातं. मीठ आणि साखर, दोन्ही मिळून पाण्याला रक्ताकडे ओढतात.

या एवढ्याशा रचनेची ताकद 1971 साली ठळकपणे दिसली. बांगलादेश युद्धात सीमेवर बनगावच्या निर्वासित छावण्यांमध्ये पटकी पसरली होती. पटकीत माणूस काही तासांत लिटरच्या लिटर पाणी गमावतो, आणि मघा आपण धावपटूच्या बाबतीत पाहिली तीच रक्ताची ओढाताण टोकाला जाऊन जीव जातो. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून त्याच्या पुड्या करून घेतल्या, पाण्यात कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. तिथे शंभरात तीसच्या आसपास माणसं मरत होती. हे प्रमाण चारच्या खाली आलं. आज घराघरांत माहीत असलेलं ओआरएस ते हेच. पुडी हाताशी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेलं प्रमाण आहे.

त्याआधी सहा वर्षं, 1965 मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठातल्या फुटबॉल संघाच्या सहप्रशिक्षकाने रॉबर्ट केड या किडनीतज्ज्ञाला विचारलं होतं, की सामन्यानंतर आमच्या पोरांना लघवीच का होत नाही? केडने पाणी, मीठ आणि साखर यांचं मिश्रण करून दिलं. ते इतकं बेचव होतं की पोरांच्या घशाखाली उतरेना. केडच्या बायकोने सुचवलं, त्यात लिंबू पिळा. त्या पेयाचं नाव पुढे झालं गेटोरेड. मला ही गोष्ट फार आवडते. फ्लोरिडातल्या प्रयोगशाळेतून निघालेली वाट शेवटी लिंबाच्या सरबतापाशीच येऊन पोहोचली.

मग जितकं जास्त पाणी तितका जास्त दम, असं आहे का? मुळीच नाही, आणि हे ठणकावून सांगायला हवं. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 2002 साली 488 धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं. त्यातल्या 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या दिशेने खाली गेलं होतं. यातले पुष्कळ जण शर्यत संपल्यावर वजनाने वाढले होते! चार-पाच तास रमतगमत धावायचं, दर थांब्यावर पाणी प्यायचं, त्यात कष्टाच्या ताणाने किडन्यांना पाणी राखण्याचा निरोप चालूच. पाणी बाहेर जात नाही, रक्त पातळ होत जातं, ते पाणी पेशींमध्ये शिरतं, आणि कवटीच्या आत फुगायला मेंदूला जागा नसते. यात माणसं दगावलेली आहेत. दिवसाला आठ ग्लास या सर्वांना पाठ असलेल्या नियमालाही असा भक्कम आधार नाही. अमेरिकेतल्या पोषण मंडळाने 1945 साली दिवसाला अडीच लिटर पाण्याचा आकडा दिला होता खरा, पण लगेच पुढे म्हटलं होतं की यातलं बहुतेक पाणी अन्नातूनच मिळतं. शिजलेल्या भातात दोन तृतीयांश पाणीच असतं, वरणाचं तर विचारूच नका. रोजच्या साध्या दिवसाला तहान पुरते. लांबच्या कष्टाच्या दिवशी किती प्यावं हे आपलं आपल्याला मोजता येतं. तासभर धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. जितके किलो कमी, तितके लिटर घामातून गेले. यात पाणी प्यायला असाल तर तेवढं मिळवा. काहींचं तासाला अर्धा लिटर जातं, काहींचं दीड-दोन.

आणि हा आकडा कायमचा नसतो, हे मला सगळ्यात थक्क करणारं वाटतं. उकाड्यात रोज थोडे कष्ट करत राहा. पहिल्या चार-पाच दिवसांतच शरीर रक्तद्रव वाढवतं, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. दोन आठवड्यांत घाम लवकर यायला लागतो, जास्त यायला लागतो, आणि कमी खारट होतो. घर्मग्रंथीच्या तळाशी घाम जन्मतो तेव्हा जवळपास रक्ताइतकाच खारट असतो. कातडीकडे वर येताना तिची नळी त्यातलं मीठ परत शोषून घेते. उकाड्याला सरावलेल्या माणसात ती नळी मीठ जास्त चिकाटीने राखते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल, तप्त खाणींमध्ये नव्या कामगारांना आधी असा सराव देऊनच आत उतरवलं जायचं. सराव थांबला की तीनेक आठवड्यांत हे सगळं ओसरतं.

आषाढी वारीत पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटाची चढण लागते. वैशाख-ज्येष्ठभर शेतात राबून आलेला शेतकरी आणि वर्षभर एसी कचेरीत बसून सुट्टी काढून आलेला शहरी माणूस एकाच दिंडीत तो घाट चढतात. सासवडच्या मुक्कामी सदरे वाळत घातले की पाठीवर, काखेत मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात. लिटरभर घामातून कुणाचं दीड ग्रॅम मीठ जातं, कुणाचं चार ग्रॅम. न सरावलेल्याच्या सदऱ्यावर ते जास्त ठळक उठतं. पहिल्या आठवड्यात ताकात मीठ त्यालाच जास्त लागतं. रोजची मजल चालू राहिली की पंढरपूर जवळ येईपर्यंत त्याच्याही घामातलं मीठ बरंच उतरलेलं असतं.